कारची बॅटरी घरी चार्ज करताना

चावी फिरवली की सेल्फ फिरायच्या ऐवजी नुसतं टक-टक-टक-टक वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि घड्याळ पुसलं जातं. ही बॅटरी उतरल्याची खूण. एकच जाड ‘ठक’ ऐकू आला आणि हेडलाइट मात्र झळझळीत राहिले, तर दोष बहुधा सेल्फमोटरचा किंवा सैल झालेल्या टर्मिनलचा असतो. तेव्हा चार्जरच्या मागे लागण्याआधी टर्मिनल हाताने हलवून बघा. ते जागच्या जागी फिरत असेल तर आधी घट्ट करा. बऱ्याचदा गाडी तेवढ्यावरच सुरू होते.

गाडी बंद असतानाही बॅटरी खर्च होतच असते. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) स्मृती हे सगळं मिळून २० ते ५० मिलिॲम्पिअर ओढतं. ५० धरले तर दिवसाला १.२ एएच (ॲम्पिअर-तास), म्हणजे पंधरा दिवसांत १८ एएच. छोट्या पेट्रोल गाडीत बॅटरीच ३५ एएचची असते. कव्हर घालून पंधरवडाभर उभी ठेवलेली गाडी सेल्फ घेत नाही, यात नवल काही नाही.

मग शेजारच्या गाडीवरून जंप देऊन ती सुरू केली जाते, कॉलनीत दोन फेऱ्या होतात आणि काम झालं असं वाटतं. तसं होत नाही. वीस मिनिटांच्या फेरीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) थोडं भरतो, पण अर्ध्यावर आलेली बॅटरी पूर्ण भरायला सात-आठ तास लागतात. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. आठवडा-दोन आठवडे तसाच राहिला तर त्याचे स्फटिक कडक होतात आणि चार्ज केला तरी सुटत नाहीत. चार वर्षं टिकणारी बॅटरी दोन वर्षांत जाते ती अशी. घरच्या चार्जरवर रात्रभर सावकाश भरणं हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि त्याला वीज लागते फार तर अर्धा-पाऊण युनिट.

धोका नेमका कुठे आहे

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून लोक बॅटरीला निर्धास्तपणे हात घालतात. इथे भीती शॉकची नाहीच. ती तीन गोष्टींची आहे: वायू, ॲसिड आणि शॉर्ट सर्किट. पुढचा प्रत्येक नियम या तिघांपैकी एकासाठी आहे.

वायू म्हणजे हायड्रोजन. बॅटरी भरत आली की जादा करंट पाणी फोडायला लागतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत आणखी एक एएच ढकलला, तर आतले सहा सेल (कप्पे) मिळून साधारण अडीच लिटर हायड्रोजन निघतो. जुन्या धाटणीचा चार्जर ४ ॲम्पिअरवर दोन तास जास्त चालू राहिला, तर वीस लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेतो. अर्धा घनमीटरचं बंद कपाट म्हणजे ५०० लिटर हवा, आणि वीस लिटर म्हणजे बरोबर त्याचे ४ टक्के. मोकळ्या गॅलरीत तेवढाच वायू वर उडून जातो. जिन्याखालचं कपाट, बंद स्टोअररूम, गॅस गिझरचं बाथरूम आणि स्वयंपाकघर या जागा म्हणूनच बाद. देवघरातली समई आणि उदबत्ती यांनाही तोच नियम लागू आहे.

ॲसिड म्हणजे साधारण ३५ टक्के गंधकाम्ल. कातडीवर लगेच चटका बसतोच असं नाही, आधी नुसतं खाजतं. सुती पँटवर उडालेला थेंब तेव्हा दिसतही नाही, पण धुऊन वाळत घातली की तिथे चाळणी झालेली असते. डोळ्यांच्या बाबतीत मात्र दुसरी संधी मिळत नाही. बॅटरीवर वाकताना साधा का होईना, चष्मा हवा. जाड रबरी हातमोजे घाला आणि कपडे टाकाऊच असू द्या. पाण्याने भरलेली बादली किंवा नळ हाताशी असावा, आणि लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा कालवून बाजूला ठेवावा. हा सोडा फरशीवर आणि बॅटरीच्या अंगावर सांडलेल्या ॲसिडसाठी आहे. माणसाच्या अंगावर तो वापरायचा नाही. डोळ्यात किंवा कातडीवर ॲसिड गेलं, तर वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं सलग धुवायचं. डोळा असेल तर पापणी बोटाने उघडी धरायची आणि धुऊन झालं की थेट डॉक्टरकडे जायचं.

शॉर्ट सर्किटचं म्हणाल, तर दोन टर्मिनलच्या मध्ये पाना आडवा पडला की छोट्या बॅटरीतूनही शेकडो ॲम्पिअर वाहतात. पाना लाल होतो, शिसं वितळतं. हातातली अंगठी, कडं, बांगडी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ पान्याच्या आणि बॉडीच्या मध्ये सापडलं, तर ते बोटासकट तापतं. हे सगळं आधी काढून ठेवा. अंगठी निघत नसेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

कुठला चार्जर, किती ॲम्पिअर

नियम जुना आहे आणि आजही चालतो: बॅटरीच्या एएचच्या दहा टक्के. ३५ एएचला ३.५ ॲम्पिअर, ४४ ला साडेचार, डिझेल गाडीच्या ६५-७० एएचला साडेसहा-सात. यापेक्षा कमी चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. थोडं जास्त झालं तरी बॅटरी सोसते. पण ३५ एएचच्या बॅटरीला १५ ॲम्पिअर देणं म्हणजे तिला तापवणं. एएचचा आकडा बॅटरीच्या लेबलवर असतो. तिथेच एजीएम किंवा ईएफबी लिहिलंय का तेही बघा. एजीएम म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या पॅडमध्ये शोषून ठेवलेली बॅटरी, ईएफबी म्हणजे साध्या बॅटरीचीच सुधारित आवृत्ती. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत हे प्रकार येतात.

नवीन घ्यायचा तर स्वयंचलित, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘स्मार्ट’ चार्जर घ्या, ४ ते ६ ॲम्पिअरचा. तो आधी ठरलेला करंट देतो. व्होल्टेज १४.४ वर पोचलं की ते तिथेच धरून करंट उतरवत नेतो, आणि शेवटी १३.५ च्या आसपास येऊन नुसता राखण करतो. वर सांगितलेला हायड्रोजन मुख्यतः १४.४ च्या पुढे निघतो, त्यामुळे हा चार्जर विसरला तरी मोठं काही बिघडत नाही. एजीएम बॅटरीसाठी चार्जरवर वेगळा मोड असतो, जो १४.७ पर्यंत जातो. साध्या बॅटरीला तो लावून ठेवू नका.

जुना ट्रान्सफॉर्मरचा, जड, गुंगुंग वाजणारा चार्जर वाईट नसतो, पण तो स्वतःहून थांबत नाही. बॅटरी भरल्यावरही करंट ढकलत राहतो आणि व्होल्टेज १५-१६ पर्यंत चढवतो. असा चार्जर रात्री लावून झोपायचं नाही. दिवसा, घरात माणूस असताना, दर तासाला मल्टिमीटर लावत वापरायचा.

चार्जरवर ६ व्होल्ट, १२ व्होल्ट, २४ व्होल्ट असा खटका असेल, तर तो १२ वर आहे याची दोनदा खात्री करा. ‘रिपेअर’ किंवा ‘पल्स’ मोड असेल तर तो फक्त गाडीतून सोडवलेल्या बॅटरीला लावायचा. त्यात व्होल्टेज १५.५ च्या वर जातं आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ते सोसेलच असं नाही.

६ ॲम्पिअरचा चार्जर भिंतीतून जेमतेम शंभर-सव्वाशे वॉट ओढतो, म्हणून साधा ६ ॲम्पिअरचा सॉकेट पुरतो. महत्त्वाचं आहे ते अर्थिंग, आणि फ्लॅटच्या डीबीत (मुख्य स्विचबोर्डात) ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असणं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पार्किंगपर्यंत एक्स्टेन्शन सोडणं, आणि तेही पावसाळ्यात, हा प्रकार करू नका. एक्स्टेन्शनचा जोड चिखलात पडतो, कुणीतरी त्यावरून स्कूटर नेतं. पार्किंगमध्ये सुरक्षित सॉकेट नसेल तर बॅटरी वर आणा.

आधी मोजा

साध्यातला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीवर लावा, लाल तार प्लसवर, काळी मायनसवर. गाडी बंद करून किमान चार तास झालेले असावेत. नाहीतर प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज आकडा फुगवून दाखवतो.

१२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली ती रिकामीच समजा. एजीएममध्ये भरलेल्या अवस्थेचा आकडा १२.८ च्या पुढे असतो. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावावी. सेल्फ फिरतोय म्हणजे ठीक आहे असं समजून वाट बघत बसू नये.

१०.५ च्या खाली असेल तर बहुतेक स्मार्ट चार्जर ‘बॅटरीच नाही’ असं समजून सुरूच होत नाहीत. त्याचं पुढे.

बॅटरीवरचा गोल डोळा हिरवा दिसला की लोक निश्चिंत होतात. तो डोळा सहापैकी एकाच सेलचं सांगतो. काळा म्हणजे चार्ज हवा. पारदर्शक किंवा पांढरट म्हणजे आतली पातळी खाली गेलेली आहे, आणि अशी सीलबंद बॅटरी चार्ज न करता बदलायची. हिरवा असूनही बॅटरी मेलेली असू शकते. विश्वास मीटरवर ठेवा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, आणि बाकीचं चार्जिंग झाल्यावर खुणेपर्यंत भरा. चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड झाकणातून उतू जाऊन खालचा लोखंडी ट्रे खातं. पाणी डिस्टिल्डच हवं. आरओचं नको, एसीतून ठिबकलेलं नको. एसीच्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेले असतात. आणि ॲसिड तर कधीच वरून घालायचं नाही. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

गाडीतून काढायची असेल तर

काढायलाच हवी असं नाही. जवळ सुरक्षित सॉकेट असेल, वर छप्पर असेल आणि स्मार्ट चार्जर असेल, तर बोनेट उघडं ठेवून जागेवरच चार्ज करा. त्याने घड्याळ, रेडिओचा कोड, काचा आपोआप वर जाण्याचं सेटिंग हे सगळं शाबूत राहतं.

काढायची तर एक गोष्ट आधी: रिमोटच्या आतली लोखंडी चावी बाहेर काढून खिशात ठेवा. बॅटरी काढल्यावर रिमोट चालत नाही, आणि बोनेटचा खटका गाडीच्या आत असतो. दार लॉक झालं आणि बोनेट पडलं, तर ही चावीच कामाला येते.

चावी बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, म्हणजे ईसीयू झोपी जातो. जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा. आता दहा नंबरचा पाना घ्या आणि आधी मायनस सोडवा. हा क्रम कधीच उलटा करायचा नाही, कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस लागलेला असताना प्लसचा नट फिरवला आणि पान्याचं दुसरं टोक बोनेटच्या कडेला टेकलं, तर तिथेच शॉर्ट. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. सुटलेल्या मायनसवर कोरडं फडकं गुंडाळून ती तार बाजूला दाबून ठेवा. तिला उसळून परत टर्मिनलवर यायची सवय असते. मग प्लस, मग बॅटरी धरून ठेवणारा क्लॅम्प.

३५ एएचची बॅटरी नऊ-दहा किलोची असते, डिझेलची सोळा-अठरा. सरळ उभी धरून न्या, पोटाला टेकवून नाही. जिन्यातून किंवा लिफ्टमधून नेताना प्लॅस्टिकच्या टबात ठेवून न्या, आणि चार्जिंगही त्याच टबात करा. लोखंडी घमेलं नको.

‘बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते’ ही समजूत लाकडी आणि कडक रबराच्या डब्यांच्या काळातली आहे. आताचे डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, फरशीवर ठेवल्याने त्यातून काही गळत नाही. टब ठेवायचा तो फरशीसाठी. शहाबादी किंवा मार्बलवर ॲसिडचा थेंब पडला की पांढरा डाग कायमचा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर आत्ताच सोड्याचं पाणी टूथब्रशने लावा. फेस येतो, थांबतो, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. सोड्याचं पाणी झाकणाच्या भोकांत जाऊ देऊ नका. कोकणात, समुद्राजवळच्या गावांत ही पावडर फार लवकर धरते. तिथे हे काम वर्षातून दोनदा तरी करावं.

जोडणी

१. चार्जरचं बटण बंद, प्लग भिंतीतून बाहेर. इथून सुरुवात.

२. लाल चिमटा प्लसवर. चिन्ह बॅटरीवर कोरलेलं असतं, ते वाचून लावा. तारेच्या रंगावरून अंदाज करू नका, कारण दुरुस्ती झालेल्या गाडीत रंग बदललेले असतात. प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो.

३. काळा चिमटा: बॅटरी बाहेर काढलेली असेल तर मायनसवर. गाडीतच असेल तर इंजिनच्या किंवा चॅसीच्या उघड्या धातूच्या बोल्टवर, बॅटरीपासून हातभर लांब. याची दोन कारणं आहेत. चिमटा लावता-काढताना होणारी ठिणगी वायूपासून दूर राहते. आणि नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवरच करंट मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. चिमटा थेट खांबाला लावला तर आलेला चार्ज त्या सेन्सरला कळत नाही, आणि गाडी बॅटरी रिकामीच धरून चालते. पेट्रोलच्या पाइपजवळचा बोल्ट मात्र टाळा.

४. चिमटे जरा हलवून बघा, दात शिशात रुतले पाहिजेत. आता प्लग, मग बटण, मग मोड.

सोडवताना बरोबर उलट: बटण, प्लग, काळा, लाल. चालू चार्जरचा चिमटा ओढून काढणं ही या सगळ्या कामातली सर्वांत घातक चूक आहे. शेवटच्या टप्प्यात झाकणांच्या भोकांशी वायू तयारच असतो आणि ठिणगी त्याच्या डोक्यावर पडते. डबा फुटतो आणि ॲसिडसकट प्लॅस्टिकचे तुकडे तोंडावर येतात.

झाकणं उघडी ठेवायची की बंद, यावर वाद चालतो. आताच्या बॅटऱ्यांत झाकणं लावलेलीच ठेवा, फक्त त्यांची बारीक भोकं मोकळी आहेत का ते बघा. झाकणाने ॲसिडचे तुषार आत राहतात.

चार्ज होत असताना

वेळेचा हिशेब असा. ३५ एएचची बॅटरी १२.२ वर आहे, म्हणजे साधारण १८ एएच भरायचे आहेत. साडेतीन ॲम्पिअरने पाच तास. पण दिलेलं सगळं आत राहत नाही आणि शेवटच्या २० टक्क्यांत करंट उतरत जातो, म्हणून दीडपट धरा: सात ते आठ तास. पूर्ण रिकामी असेल तर बारा ते पंधरा. तीन तासांत ‘फुल’ दाखवलं तर खूश होऊ नका. सल्फेट धरलेली बॅटरी करंटच घेत नाही, व्होल्टेज पटकन चढतं आणि चार्जर फसतो.

पहिल्या तासात दोनदा आणि मग अधूनमधून डब्याच्या बाजूला हाताचा मागचा भाग लावा. कोमट लागणं ठीक. हात ठेववत नसेल तर आतलं तापमान ५० अंशांच्या वर गेलेलं आहे. बंद करा, थंड होऊ द्या, मग निम्म्या करंटवर लावा. पुन्हा तापली तर आत शॉर्ट आहे. कुजक्या अंड्यांचा वास आला किंवा डबा फुगला तर लगेच भिंतीवरचं बटण बंद करा, खिडक्या उघडा, अर्धा तास चिमट्यांना हात लावू नका. ती बॅटरी परत चार्जिंगला लावायची नाही.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते. १४.४ हा आकडा २५ अंशांचा आहे. तापमान चढतं तसा तो उतरवावा लागतो. ४० अंशांवर १४.० ते १४.१ पुरे. चार्जरला तापमानाची जाण नसेल तर दुपारी पत्र्याच्या शेडखाली चार्जिंग करू नका, संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे करा. उलट, थंड देशांत राहणाऱ्यांसाठी: उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड जवळजवळ पाण्यासारखं पातळ असतं आणि शून्याच्या थोडं खालीच गोठू शकतं. गोठलेली बॅटरी कधीच चार्ज करू नये. आधी घरात आणून पूर्ण वितळू द्या, आणि डब्याला तडा गेला असेल तर टाकून द्या.

ट्रान्सफॉर्मर चार्जर कधी थांबवायचा? सगळ्या सेलमध्ये सारखे बुडबुडे येऊ लागले आणि तासातासाने घेतलेल्या तीन नोंदींत हायड्रोमीटरचा (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा हलला नाही, की झालं. भरलेल्या सेलमधल्या ॲसिडचं गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) साधारण १.२५० ते १.२८० असतं. एखाद्या सेलचं गुरुत्व बाकीच्यांपेक्षा ०.०५० हून खाली राहिलं, तर तो सेल गेला. सीलबंद बॅटरीला हायड्रोमीटर लावता येत नाही. तिला जुना चार्जर लावलाच, तर मीटर १४.४ दाखवेपर्यंत, आणि नंतर अर्धा-एक तास. त्याहून जास्त नाही, कारण उडालेलं पाणी परत घालायला वाट नसते.

घरच्या इन्व्हर्टरवर लावणं

ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की वेगळं सांगायला हवं. इन्व्हर्टर १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठी बनलेला असतो आणि १०-१५ ॲम्पिअर देतो. कारच्या ३५ एएचच्या बॅटरीला ते तिप्पट-चौपट झालं. शिवाय मध्येच लाइट गेली तर घरातले पंखे आणि ट्यूब त्याच छोट्या बॅटरीवर चालू होतात, ३०-४० ॲम्पिअर ओढतात, आणि अर्ध्या तासात ती होती त्याहून रिकामी होते. लॅपटॉपचा ॲडॉप्टर १९ व्होल्टचा असतो आणि त्याला बॅटरी भरण्याचं कुठलंच नियंत्रण नसतं, तोही नको. लिथियम बॅटरीचा चार्जर तर नाहीच. काही नव्या गाड्यांत सीटखाली एक जादा लिथियम बॅटरी असते, तिला चार्जर लावायचा नाही. नारिंगी तारा दिसल्या तर त्यांच्या आसपासही हात नको, त्या शेकडो व्होल्टच्या असतात.

घेतच नसेल तर

१०.५ च्या खाली गेलेल्या बॅटरीसाठी काही चार्जरवर सक्तीने सुरू करायचा मोड असतो. तो २ ॲम्पिअरवर, समोर बसून, तासभर लावा. व्होल्टेज ११-१२ कडे सरकलं तर नेहमीच्या मोडवर घ्या. तासाभरात जागचं हललं नाही, किंवा दहा-बारा तास चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच घुटमळत राहिलं, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झालेला आहे. त्यावर कुठलंही औषध, पावडर, ‘रिव्हायव्हर’ चालत नाही, पैसे घालवू नका.

जुनी बॅटरी भंगारात सुटी विकू नका, दुकानदाराला परत द्या. नव्या बॅटरीच्या किमतीत तिची सूट मिळते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापराकडेच जायला हवी. फोडून शिसं काढणाऱ्यांच्या अंगणातलं ॲसिड आणि शिशाची धूळ तिथल्या पोरांच्या रक्तात जाते.

परत बसवताना

चार्जिंग संपल्यावर लगेच मोजू नका. चार-पाच तास तशीच ठेवा, शक्यतो रात्रभर. १२.६ च्या वर टिकली तर उत्तम. रात्रीतून १२.३ पर्यंत उतरली तर ती आतूनच गळते आहे, महिनाभरात रस्त्यात दगा देईल.

बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस. क्लॅम्प घट्ट करायला विसरू नका. खड्ड्यात उसळणाऱ्या बॅटरीच्या प्लेटा आतून सुटतात. टर्मिनलचा नट हाताने फिरणार नाही इतकाच आवळा, शिसं मऊ असतं. मग वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. आत नाही, वरून.

गाडी सुरू करताना मीटर लावून बघा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झालं की हेडलाइट लावून १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या खालीच राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघून घ्या, नाहीतर आत्ता भरलेली बॅटरी चार दिवसांत पुन्हा उतरेल. सेन्सरवाल्या काही गाड्यांत व्होल्टेज मुद्दाम वर-खाली केलं जातं, तिथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. काचा आपोआप वर जात नसतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरा. बहुतेक गाड्यांत सेटिंग तेवढ्याने परत येतं.